शेवाळाची वीज: इंधन नक्की कोणतं?

शेवाळापासून वीज तयार झाली, आता बिल विसरा, अशा थाटाचा मजकूर अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत येतो. त्यात खरी गोष्ट एवढीच असते: केंब्रिज विद्यापीठातले पाओलो बॉम्बेली, ख्रिस्तोफर हाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन्सिल सेलएवढ्या डबीत नील-हरित शेवाळ भरून त्यावर एक मायक्रोप्रोसेसर सहा महिन्यांहून जास्त काळ चालवला. निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. डबी खिडकीत ठेवलेली. प्रोसेसर ४५ मिनिटं बेरजा करायचा, १५ मिनिटं स्वस्थ बसायचा.

बेरजा करताना त्याला लागत होते ०.३ मायक्रोवॉट. घरातला ९ वॉटचा एलईडी दिवा लावायचा तर याच्या तीन कोटी पट वीज हवी. तेव्हा बिल भरत राहा.

तरीही मला हा प्रकार फार आवडतो, तो त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या प्रवासासाठी. कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी, मग बाण, मग ग्लुकोज आणि ऑक्सिजन, हे प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं. त्या बाणात काय दडलंय ते मात्र तिथे कळत नाही. पेशीच्या आतल्या पापुद्र्यांत ‘फोटोसिस्टिम दोन’ नावाचं प्रथिनांचं संकुल असतं. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, आला की तिथलं हरितद्रव्य एक इलेक्ट्रॉन पुढे धाडतं आणि स्वतः इलेक्ट्रॉनसाठी इतकं हपापतं, की पाण्याकडूनही तो हिसकावून घेतं. सजीवांमध्ये इतकी जबर ओढ असलेलं दुसरं रसायन आपल्याला माहीत नाही. ही वसुली होते चार मँगनीज आणि एक कॅल्शियम अशा अणूंच्या झुबक्यामार्फत. एका फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन. पाण्याच्या दोन रेणूंमधून चार निघाले, की ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. १९६९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जोलिओ यांच्या गटाने अंधारातून काढलेल्या नमुन्यांवर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकले. सर्वांत जास्त ऑक्सिजन आला तिसऱ्या झोताला, मग सातव्या, मग अकराव्या. चौथ्याला का नाही? कारण तो झुबका अंधारातसुद्धा शून्यावर नसतो, एक इलेक्ट्रॉन देऊन बसलेला असतो. नुसते झोत मोजून हे ताडणाऱ्यांना माझा दंडवत.

पुढे तो इलेक्ट्रॉन प्लास्टोक्विनोन, सायटोक्रोम बी-६-एफ, प्लास्टोसायनिन, फोटोसिस्टिम एक असे हात बदलत साखर बनवण्याच्या कामी लागतो. (नावं विसरलात तरी चालेल.) थोडे इलेक्ट्रॉन मात्र वाटेत फुटून पेशीबाहेर पडतात. पेशीचं आवरण वीजरोधक, मग ते बाहेर येतात कसे, यावर एकमत नाही. बाहेर कार्बनचं कापड असलं की ते तारेत शिरतात आणि दुसऱ्या टोकाला, कॅथोडवर, ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या आयनांशी मिळून पुन्हा पाणी होतं. म्हणजे पाण्यापासून निघायचं आणि पाण्यापाशीच पोहोचायचं. खर्च सगळा सूर्याचा.

रात्री पेशी साठवलेली साखर जाळते. तेव्हाही इलेक्ट्रॉन गळत राहतात, म्हणून ती डबी अंधारातही चालली असावी. ऑक्सिजन मात्र रात्री सुटत नाही. पिंपळ आणि तुळस चोवीस तास ऑक्सिजन देतात असं ठासून सांगणाऱ्यांना विचारा, रात्री फोटोसिस्टिम दोन कोण चालवतं?

आता एक गोची. त्या डबीचा ॲनोड, म्हणजे इलेक्ट्रॉन तारेत शिरतात ते टोक, ॲल्युमिनियमचा होता. लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्ताचा खिळा खुपसून वीज मिळते, तेव्हा इंधन लिंबू नसतं, झिजणारं जस्त असतं. शेवाळ स्वतः इलेक्ट्रॉन देतंय, की ॲल्युमिनियम गंजायला पोषक वातावरण तयार करतंय, हा प्रश्न केंब्रिजकरांनी स्वतःच मांडला आहे. यूट्यूबवरचे जुगाडवाले तो मांडत नाहीत. ‘शेवाळ बॅटरी’ दिसली की आधी इलेक्ट्रोड बघावेत. तांबं आणि जस्त असेल तर शेवाळ केवळ शोभेला.

स्वस्तात करायचं तर वाट थोडी वेगळी आहे. जीवाणू सांडपाण्यातली घाण खाताना इलेक्ट्रॉन सोडतात, ब्रिटिश शास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्येच जीवाणू आणि यीस्टपासून वीज मिळते हे दाखवलं होतं. अशा जीवाणूंच्या घटात (म्हणजे बॅटरीत) महाग पडतो तो दोन टोकांमधला, आयनांना वाट देणारा नॅफिऑन या प्लास्टिकचा पडदा. त्याजागी आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी चक्क मातीचं मडकं वापरलं, भातगिरणीच्या सांडपाण्यावर, आणि मडक्याची कामगिरी पडद्याहून सरस ठरली. न झिलई दिलेल्या मातीची ओली छिद्रं आयनांना वाट देतात. जुन्या माठाला बाहेरून पांढरा खार चढतो तो याच छिद्रांमधून आलेल्या क्षारांचा. यात शेवाळ आणायचं तर मांडणी अशी: मडक्यात जीवाणू, बाहेरच्या पाण्यात कॅथोड आणि शेवाळ. इथे शेवाळाचं काम कॅथोडला ऑक्सिजन पुरवण्याचं.

आणि माझ्या मते खरा फायदा इथेच आहे. नेहमीच्या मैलापाणी प्रकल्पात विजेचा साधारण निम्मा खर्च पाण्यात हवा सोडण्यावर होतो. मडक्यातून निघालेली वीज किरकोळच राहणार, पण हवा सोडणाऱ्या यंत्राची, ब्लोअरची, वाचलेली वीज धरली तर हिशेब बदलतो. अडचण रात्रीची आहे: तेव्हा शेवाळ कॅथोडचाच ऑक्सिजन खायला लागतं आणि घटाचं व्होल्टेज उतरतं.