कमी झोपेची शरीराला सवय होते का?

रोज चार-सहा तासांच्या झोपेची शरीराला सवय होते आणि मग निर्णयशक्तीवर परिणाम होत नाही, हा समज जुना असला तरी खरा नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी प्रौढांच्या वेगवेगळ्या गटांना सलग १४ दिवस ४, ६ किंवा ८ तास झोपू दिले होते. पहिल्या दोन गटांची एकाग्रता दिवसेंदिवस घसरत गेली, परंतु आपल्याला किती झोप येते आहे याचा त्यांचा स्वतःचा अंदाज मात्र काही दिवसांनी जवळजवळ स्थिरावला. मला हीच बाब सर्वांत चिंताजनक वाटते, कारण ज्या मेंदूने धोक्याचा इशारा द्यायचा, तोच थकलेला असतो. (जनुकीय कारणांमुळे कमी झोप खरोखर पुरणारी माणसे असतात, पण अगदी विरळा.) अपुऱ्या झोपेमुळे पर्याय तोलणाऱ्या, कपाळामागील मेंदूच्या भागाचे काम मंदावते, त्यामुळे सरावाची कामे बऱ्यापैकी पार पडतात, परंतु परिस्थिती अचानक बदलली की माणूस आधीच्याच निर्णयाला चिकटून राहण्याची शक्यता वाढते. कॅफीनने काही तास तरतरी येते, झोपेची भरपाई होत नाही.