संडरलँड: जहाजांच्या गावात मोटारी कशा आल्या

1984 साली निसान या जपानी मोटार कंपनीला इंग्लंडमधल्या संडरलँडजवळची सुमारे 800 एकर जमीन शेतजमिनीच्या भावात मिळाली. जागा जुन्या विमानतळाची. वरून सरकारी अनुदानही होते. तेव्हा अनेकांना हा सौदा जरा जास्तच उदार वाटला. पण निसानला खरा रस जमिनीत नव्हता, समुद्रापलीकडच्या बाजारात होता.

संडरलँड हे ईशान्य इंग्लंडमधले, वेअर नदीच्या मुखावरचे शहर. इथल्या जहाजबांधणीची नोंद थेट 1346 पर्यंत मागे जाते. भोवताली डरहॅमच्या कोळशाच्या खाणी. बाप गोदीत नाहीतर खाणीत, आणि पोरगाही त्याच वाटेने, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. सत्तरच्या दशकापासून दोन्ही धंदे आटत गेले. निसानचा ब्रिटिश सरकारशी करार झाला फेब्रुवारी 1984 मध्ये. जागा ठरली मार्चमध्ये. त्याच मार्चमध्ये खाणकामगारांचा वर्षभर चाललेला संप सुरू झाला.

जपानी कंपनीला ब्रिटन हवे का होते? त्या काळी ब्रिटिश बाजारात जपानी मोटारींचा वाटा साधारण 11 टक्क्यांवर रोखून धरलेला होता. हा आपसातला समझोता, कायदा नव्हे. फ्रान्समध्ये तर जेमतेम 3 टक्के. युरोपीय समुदायाच्या (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाच्या) आत गाडी बनवली, की जकातही नाही आणि ही अडवणूकही नाही. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारला दुसरेच काही हवे होते: जपानी कामाची पद्धत, आणि कामगार संघटनांना वेसण.

दोघांचेही साधले. 1985 मध्ये एकाच संघटनेशी करार झाला. त्यासाठी संघटनांनी कंपनीपुढे आपापली बाजू मांडली आणि कंपनीने त्यातली एक निवडली. कामगार संघटनांनी मालकांना नमवल्याच्या कथा सांगणाऱ्या या भागात हे जुन्या मंडळींना चांगलेच झोंबले असणार. कारखान्यात साहेब आणि कामगार यांचा गणवेश एकच, कँटीनही एकच. जुलै 1986 मध्ये पहिली ब्लूबर्ड मोटार बाहेर पडली आणि सप्टेंबरमध्ये थॅचरबाईंनी उद्घाटन केले.

डिसेंबर 1988 मध्ये उरलेल्या गोद्या बंद करण्याची घोषणा झाली. 1993 मध्ये वेअरमाउथची खाणही मिटली. तिच्या जागी आज फुटबॉलचे स्टेडियम आहे. मात्र गोदीतल्या पन्नाशीच्या वेल्डरला निसानने हात दिला, असे समजू नये. सुरुवातीची भरती मुख्यतः तरुणांची होती. शहर सावरले म्हणताना हा हिशेब सहसा धरला जात नाही.

दरम्यान 1988 मध्येच फ्रान्सने खोडा घातला: ही ब्लूबर्ड ब्रिटिश कशी? 80 टक्के माल युरोपीय असल्याशिवाय तिला युरोपीय मानणार नाही. थॅचर सरकार निसानच्या बाजूने भांडले आणि अखेर फ्रान्सला नमते घ्यावे लागले. पुढे प्रायमेरा, मायक्रा, कश्काई ही मॉडेल आली. 2012 मध्ये एका वर्षात 5 लाखांहून जास्त गाड्या इथे तयार झाल्या. सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या आसपास वसल्या. 2013 मध्ये लीफ या विजेवरच्या गाडीचे उत्पादन सुरू झाले.

मग जून 2016 चे सार्वमत. ज्या शहराची रोजीरोटी युरोपात गाड्या विकण्यावर अवलंबून, त्याच शहराने 61 टक्के मते युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने टाकली. ऑक्टोबरमध्ये निसानने कश्काई आणि एक्स-ट्रेल यांची नवी मॉडेल इथेच बनवू असे जाहीर केले. फेब्रुवारी 2019 मध्ये एक्स-ट्रेलचा बेत मात्र मागे घेतला. 2020 च्या अखेरीस ब्रिटन आणि युरोपीय संघ यांचा व्यापार करार झाला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

या करारात जुना प्रश्न, म्हणजे गाडीतला माल कुठला, नव्या रूपात आहे. विजेवरच्या गाडीची बॅटरी ब्रिटनमध्ये किंवा युरोपात बनलेली नसेल, तर जकात लागू शकते. म्हणूनच जुलै 2021 मध्ये जाहीर झालेल्या 100 कोटी पौंडांच्या योजनेत गाडीबरोबर बॅटरीचा मोठा कारखानाही आला. तो आहे एईएससी या बॅटरी कंपनीचा, म्हणजे चिनी मालकीचा. माल कोणत्या देशात बनला यावर जकात ठरवणारे कडक नियम 2024 पासून लागू व्हायचे होते. डिसेंबर 2023 मध्ये ते 2026 च्या अखेरपर्यंत पुढे ढकलण्यात आले.