वितळायच्या आधीच ढिला पडणारा खडक

2003 च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची भयंकर लाट आली आणि जुलैमध्ये आल्प्समधल्या मॅटरहॉर्नच्या हर्नली धारेवरून मोठी दरड कोसळली, वर अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने खाली आणावं लागलं. दरड सुटली तिथल्या उघड्या खडकात बर्फ दिसत होता! म्हणजे आतला बर्फ पूर्ण वितळायची वाट न बघताच खडक निसटला.

आता लॅबमध्ये नेमकं उलटं दिसतं, तिथे बर्फामुळे खडक मजबूत होतो. सँडस्टोनचा (वाळूच्या दगडाचा) नमुना पाण्यात पूर्ण मुरवून गोठवायचा आणि प्रेसमध्ये, म्हणजे दाब देणाऱ्या यंत्रात, वरून दाबायचा. आधी जुन्या बारीक फटी मिटतात, मग बराच वेळ दाब वाढेल तसा नमुना त्याच प्रमाणात दबत जातो, मग आत नवीन चिरा पडायला लागतात, बहुतेक दाबाच्या दिशेनेच उभ्या, त्यांचे बारीक आवाज सेन्सरवर पकडता येतात, आणि शेवटी त्या एकमेकींना जोडल्या गेल्या की नमुना फुटतो. न गोठलेल्या ओल्या खडकापेक्षा याला फोडायला बराच जास्त दाब लागतो, कारण छिद्रांतला बर्फ कणांना धरून ठेवतो आणि भारही उचलतो. खडक कोरडा असेल तर गोठवून फारसा फरक पडत नाही, सगळा खेळ पाण्याचा आहे.

पण शून्य अंशाला सगळं पाणी गोठत नाही हे विसरून चालत नाही. कणांना चिकटलेला पाण्याचा पातळ थर उणे तापमानातही द्रव राहतो, आणि तापमान शून्याकडे सरकलं की तो वाढत जातो. शिवाय बर्फावर भार पटकन आला तर तो तडकतो, पण तोच भार वर्षानुवर्षं राहिला तर बर्फ हळूहळू वाहतो, त्यामुळे प्रेसमध्ये काही मिनिटांत मिळालेला आकडा डोंगराला तसाच लावता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं मला हे वाटतं: बर्फाने भरलेल्या सांध्यांच्या (खडकातल्या लांब भेगांच्या) उताराचे मॉडेल बनवून केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की साधारण उणे 1.5 ते 0 अंशांच्या पट्ट्यात उतार पूर्ण वितळलेल्या उतारापेक्षाही कमी स्थिर असू शकतो! बर्फ मऊ पडलेला असतो आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंचे दगड अजून एकमेकांना नीट टेकलेले नसतात, म्हणजे आधार ना बर्फाचा ना दगडाचा.

पाणी रोखायला खडक गोठवणारे खाणवाले म्हणूनच शून्याच्या आसपास थांबत नाहीत. कॅनडातल्या सिगार लेक युरेनियम खाणीत 2006 मध्ये पाणी घुसलं होतं, उत्पादन सुरू व्हायला 2014 उजाडलं, आणि तिथे पाईपमधून अतिथंड खारं पाणी फिरवून खनिज आणि भोवतालचा खडक गोठवून ठेवतात, तोही शून्याच्या बराच खाली.

डोंगर असा गोठवता येत नाही, तिथे फक्त लक्ष ठेवता येतं. जर्मनीत झुगस्पिट्झच्या शिखरात 2007 मध्ये बोअर मारून आतलं तापमान मोजायला घेतलंय. अशा बोअरमध्ये आकडा उणे तीनवरून उणे एकवर आला तर डोंगर बाहेरून तसाच दिसेल, पण आतला बर्फ तेव्हाच ढिला पडायला लागलेला असेल.