‘मी स्वीकारतो’ म्हणायला उमेदवार आला कधी?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात झालेले असतात. त्यामुळे दर चार वर्षांनी जुलै-ऑगस्टमध्ये, बाहेर पाऊस आणि हातात चहा अशा वेळी, अमेरिकी पक्षांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांसाठी भरणाऱ्या अधिवेशनाचा देखावा आपल्याही पडद्यावर येतो. खचाखच भरलेलं सभागृह, छतावरून पडणारे फुगे, मंचावर बायकापोरं आणि मधोमध उभा राहून ‘तुम्ही दिलेली उमेदवारी मी स्वीकारतो’ म्हणणारा माणूस. आपल्या निवडणुकीत याला जोड नाही. इथे एबी फॉर्म हातात पडला की पक्षाचं मन फिरायच्या आत अर्ज भरायचा आणि प्रचाराचा नारळ फोडायचा. ‘स्वीकारलं बरं का’ असं सांगत बसायला कुणाला सवड नसते.

अमेरिकेतही हा प्रकार मुळात नव्हता. राज्यघटनेत पक्षांचाच उल्लेख नाही, तर अधिवेशन आणि भाषण कुठून असणार? सुरुवातीच्या काळात काँग्रेसमधले, म्हणजे तिथल्या संसदेतले, पुढारी आपापसांत बसून उमेदवार ठरवत. राष्ट्रीय अधिवेशन भरवून उमेदवार निवडायची प्रथा १८३१मध्ये बाल्टिमोरला ‘अँटी-मेसॉनिक’ नावाच्या अल्पायुषी पक्षाने सुरू केली, पुढच्या वर्षी डेमोक्रॅट पक्षाने ती उचलली. पण त्या अधिवेशनात उमेदवार स्वतः नसायचा. पदाने माणसाला शोधत यावं, माणसाने पदामागे धावू नये, असा संकेत होता. प्रत्यक्षात सगळे धावत होते, फक्त दिसू द्यायचं नव्हतं.

१८ मे १८६० रोजी शिकागोत रिपब्लिकन प्रतिनिधींनी अब्राहम लिंकन यांना निवडलं तेव्हा लिंकन स्प्रिंगफील्डला, आपल्या गावी होते. दुसऱ्या दिवशी पक्षाची समिती रेल्वेने त्यांच्या घरी गेली. मुलीला मागणी घालायला पाहुणे यावेत तसा तो प्रसंग. बैठकीच्या खोलीत मंडळी उभी, समितीचा प्रमुख औपचारिक निरोप देतो, लिंकन दोन-चार वाक्यांत आभार मानून ‘विचार करून लेखी कळवतो’ म्हणतात, आणि पाहुण्यांना मद्याऐवजी थंड पाणी मिळतं. २३ मेला त्यांनी लिहिलेलं स्वीकृतीचं पत्र अगदी छोटं आहे. देश फुटायच्या बेतात असताना नवं काही बोलून घोळ वाढवायचा नाही, हे त्यात स्पष्ट दिसतं. त्या काळी पत्र हीच स्वीकृती. ते वर्तमानपत्रांत छापून येई आणि मतदारांपर्यंत पोचे.

हळूहळू ही ‘सूचना समिती’ घरी येण्याचा सोहळा मोठा झाला. पत्राच्या जोडीला भाषण आलं, अंगणात गर्दी जमू लागली. १८९६मध्ये विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नेला आणि तोंडघशी पडले. हा माणूस महिन्याभरापूर्वी शिकागोच्या अधिवेशनात, चलन सोन्याला बांधण्याच्या धोरणाविरुद्ध, ‘सोन्याच्या क्रुसावर मानवजातीला चढवू नका’ असं गर्जून वयाच्या ३६व्या वर्षी उमेदवारी खेचून घेणारा. न्यूयॉर्कचे लोक त्याच गर्जनेसाठी आले होते. पण ब्रायन यांना आपण जबाबदार माणूस आहोत हे दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी ऑगस्टच्या उकाड्यात लांबलचक भाषण कागदावरून वाचून दाखवलं. लोक मधूनच उठून चालते झाले. ज्या भाषणाने उमेदवारी मिळते आणि ज्याने ती स्वीकारायची असते, ती दोन वेगळी भाषणं आहेत, हे तिथे प्रथम ठळकपणे दिसलं.

या जुन्या रिवाजाची एक कटू आठवणही आहे. ११ ऑगस्ट १९२८ रोजी स्टॅनफर्डच्या स्टेडियममध्ये हर्बर्ट हूवर म्हणाले, की गरिबीवर अंतिम विजय मिळवायच्या इतक्या जवळ कोणताही देश आजवर आला नव्हता. ते निवडून आले आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला.

हूवर यांच्याच विरोधात १९३२मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट उभे राहिले आणि त्यांनी रिवाज मोडला. शिकागोच्या अधिवेशनात चौथ्या फेरीत त्यांची निवड झाली तेव्हा ते न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनीत होते. आठवडे वाट पाहून समितीला घरी बोलवायचं सोडून ते २ जुलैला तीन इंजिनांच्या फोर्ड विमानात बसले. समोरून वारा, वाटेत बफेलो आणि क्लीव्हलंडला इंधनासाठी थांबे, असे सुमारे नऊ तास. तिकडे प्रतिनिधी ताटकळत बसलेले आणि देश रेडिओला कान लावून. पोलिओने पाय गेलेल्या माणसाने विमानाने उडत यावं यातलं दृश्यच अर्धं भाषण होतं. तब्येतीबद्दलच्या कुजबुजीला त्याहून चांगलं उत्तर नव्हतं.

आत एक नाटक वेगळंच चाललं होतं. त्यांचे जुने सल्लागार लुई हाऊ यांनी विमानतळावरच स्वतः लिहिलेलं दुसरं भाषण हातात ठेवलं. रूझवेल्टनी कुणालाच न दुखवता पहिलं पान हाऊ यांचं वाचलं, बाकीचं आधी तयार झालेलं. पक्षाने ‘मूर्ख परंपरा’ मोडायचं काम हाती घ्यावं, मी इथे येऊन सुरुवात केली आहे, असं ते म्हणाले. आणि शेवटी ‘अमेरिकी जनतेसाठी नवा डाव मांडण्याची शपथ’ घेतली. ‘न्यू डील’ हे दोन शब्द लिहिणाऱ्यांनी काही मोठं नाव म्हणून योजले नव्हते. वर्तमानपत्रांनी ते उचलले आणि पुढच्या सगळ्या कारभाराला तेच नाव पडलं.

मग जुना रिवाज एका फटक्यात गेला का? नाही. रिपब्लिकन पक्षाचे वेंडेल विल्की १९४०मध्येही इंडियानातल्या एलवूड या आपल्या जन्मगावी भर उन्हात प्रचंड गर्दीसमोर उमेदवारी ‘स्वीकारायला’ गेले. १९४४मध्ये टॉमस ड्यूई अधिवेशनात येऊन बोलले आणि तेव्हापासून दोन्ही पक्षांत हीच चाल पडली.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत कसबी भाषण डेमोक्रॅट अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचं आहे, आणि ते ऐकायला सगळ्यात गैरसोयीच्या वेळी झालं. १५ जुलै १९४८, फिलाडेल्फिया, पहाटेचे दोन वाजत आलेले. वातानुकूलन नसलेलं सभागृह भट्टीसारखं तापलेलं. नागरी हक्कांच्या ठरावावरून मिसिसिपीचे प्रतिनिधी आणि अलाबामाचे निम्मे सभात्याग करून गेलेले. पक्ष फुटलेला, अध्यक्ष हरणार याबद्दल जवळजवळ एकमत. भाषणाआधी शांततेचं प्रतीक म्हणून कबुतरं सोडण्यात आली. तासन्‌तास उकाड्यात कोंडलेली ती बिचारी सैरावैरा उडाली, पंख्यांना आणि माणसांना धडकली. ट्रुमन यांना लिहिलेलं वाचता येत नसे, म्हणजे वाचताना ते अगदी निर्जीव वाटत. म्हणून त्या रात्री त्यांनी नुसते मुद्दे पुढ्यात ठेवले आणि मिसुरीच्या शेतकऱ्यासारखे तडातडा बोलले. पहिल्याच मिनिटांत म्हणाले, (उपाध्यक्षपदाचे उमेदवार) बार्कली आणि मी ही निवडणूक जिंकणार आणि या रिपब्लिकनांची जिरवणार.

पण खरा डाव शेवटी होता. रिपब्लिकन पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात घरं, महागाई, नागरी हक्क यांबाबत आश्वासनं दिली होती, आणि काँग्रेसमध्ये बहुमत त्यांचंच होतं. ट्रुमन म्हणाले, २६ जुलैला, ज्याला आमच्या मिसुरीत सलगम पेरायचा दिवस म्हणतात, मी काँग्रेसचं विशेष अधिवेशन बोलावतो. निवडून आल्यावर करणार म्हणता ना, मग आत्ताच करून दाखवा. विशेष अधिवेशन अकरा दिवस चाललं, हाती फारसं काही लागलं नाही, आणि ‘काहीच न करणारी काँग्रेस’ हा प्रचाराचा मुद्दा आयता मिळाला. नोव्हेंबरमध्ये ट्रुमन निवडून आले. भाषणातून मन वळवायचं म्हणजे गोड बोलायचं असं समजणाऱ्यांनी हे भाषण पुन्हा वाचावं. त्यात कळवळा कमी आणि पेच जास्त आहे.

त्याच सुमारास टीव्ही आला आणि अधिवेशनाचं स्वरूप बदलत गेलं. एका फेरीत निकाल न लागता पुन्हा मतदान घ्यावं लागलं ते शेवटचं १९५२मध्ये, डेमोक्रॅट पक्षात. १९६८मध्ये ह्युबर्ट हंफ्री एकही प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारं मतदान, न लढता उमेदवार झाले, शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांनी तरुणांना झोडपलं, आणि त्यानंतरच्या सुधारणांनी निवडीचा अधिकार अधिवेशनातून काढून प्रायमरीच्या मतदारांकडे दिला. गंमत पाहा. अधिवेशन खरोखर उमेदवार निवडत होतं तेव्हा तो घरी बसत असे. निवडायचं काही उरलं नाही तेव्हा त्याच्या एका भाषणासाठी चार दिवस मंडप उभा राहू लागला.

१९७२मध्ये डेमोक्रॅट पक्षाला हे उमगलं नव्हतं. उपाध्यक्षपदाच्या मतदानात प्रतिनिधींनी माओपासून टीव्ही मालिकेतल्या पात्रापर्यंत कुणाकुणाची नावं घेत वेळ दवडला, आणि जॉर्ज मॅकगव्हर्न ‘अमेरिके, घरी परत ये’ म्हणायला उभे राहिले तेव्हा पहाटेचे पावणेतीन झाले होते. देश झोपला होता. ट्रुमनना पहाट चालून गेली कारण सकाळच्या वर्तमानपत्रांना बातमी मिळाली. टीव्हीच्या काळात झोपलेला प्रेक्षक गेला तो गेलाच. मॅकगव्हर्न ४९ राज्यांत हरले. अर्थात ते संध्याकाळी बोलले असते तरी बहुधा हरलेच असते.

इथे मूळ प्रश्न येतो. हे भाषण मतं फिरवतं का? मतचाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेच्या पाहण्यांत १९६४पासून अधिवेशनानंतर उमेदवाराची सरासरी पाच-एक टक्क्यांची उसळी दिसते. १९९२मध्ये बिल क्लिंटन यांना १६ टक्क्यांची मिळाली, पण भाषणाच्या दिवशीच अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांनी माघार घेतली होती हे विसरून चालणार नाही. २००४मध्ये जॉन केरी सलाम ठोकून ‘कामावर हजर आहे’ म्हणाले आणि उसळी काही आलीच नाही. १९४०च्या निवडणुकीत कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल लाझार्सफेल्ड यांच्या चमूने ओहायोतल्या एका काउंटीत सुमारे ६०० मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा भेटून जे पाहिलं, ते अजून बरंचसं लागू पडतं. प्रचाराने पक्ष बदलणारे थोडे. ज्यांचा कल आधीच ठरलेला आहे ते जागे होतात आणि पक्के होतात. म्हणजे स्वीकृतीचं भाषण मुख्यतः रुसलेल्या घरच्यांना जेवायला बोलावण्यासाठी असतं. प्रायमरीत एकमेकांची उणीदुणी काढून झालेली असतात, त्यानंतर पंगतीला सगळे हवेत.

रिपब्लिकन पक्षाच्या बॅरी गोल्डवॉटर यांनी १९६४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला नेमकं उलट केलं. स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी टोकाला जाणं हा दुर्गुण नव्हे, न्यायासाठी मवाळ राहणं हा सद्गुण नव्हे, असं त्यांनी पक्षातल्या मवाळांच्या तोंडावर सुनावलं. सभागृहाने छप्पर डोक्यावर घेतलं. नोव्हेंबरमध्ये हाती लागली सहा राज्यं. अध्यक्ष रेगन यांच्याविरुद्ध उभे राहिलेले डेमोक्रॅट वॉल्टर माँडेल यांचा १९८४चा प्रामाणिकपणाही तसाच अंगाशी आला: ‘रेगन कर वाढवतील, मीही वाढवीन. ते सांगणार नाहीत, मी आत्ताच सांगितलं.’ पक्षातही याचं कौतुक झालं, मतदारांनी एक मिनेसोटा आणि राजधानीचा जिल्हा एवढंच दिलं.

या दोन ओळींनी निवडणूक घालवली असं म्हणणं फार होईल. पण एका ओळीने काय होतं ते १९८८मध्ये दोन्ही अंगांनी दिसलं. जॉर्ज बुश थोरले जुलैमध्ये मायकेल डुकाकिस यांच्या १७ टक्के मागे होते. रेगन यांचे उपाध्यक्ष, सभ्य, जरा मिळमिळीत. भाषणलेखिका पेगी नूनन यांनी त्यांच्यासाठी लिहिलेलं न्यू ऑर्लिन्सचं भाषण या मिळमिळीतपणालाच हात घालतं: मी शांत माणूस आहे, पण इतरांना ऐकू न जाणारी शांत माणसं मला ऐकू येतात. आणि मग काँग्रेसने कर वाढवायला कितीही दडपण आणलं तरी मी सांगेन, ‘माझ्या ओठांकडे पाहा, नवे कर नाहीत.’ सल्लागार रिचर्ड डारमन यांचा या ओळीला विरोध होता. ती राहिली, बुश ४० राज्यांत जिंकले, डारमन यांच्याकडे अर्थसंकल्पाचं खातं आलं आणि १९९०मध्ये तूट आवरण्यासाठी करवाढीची तडजोड घडवणाऱ्यांत तेच होते. १९९२मध्ये ती ओळ जाहिरातींतून रोज ऐकवली गेली, आधी स्वपक्षातल्या पॅट ब्यूकॅनन यांच्याकडून.

नंतरची भाषणं आकाराने वाढत गेली. बराक ओबामा २००८मध्ये डेनव्हरच्या स्टेडियममध्ये ८०,०००हून अधिक लोकांसमोर बोलले, तेही मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टनमधल्या भाषणाच्या ४५व्या स्मृतिदिनी. दुसऱ्याच सकाळी रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांनी उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांचं नाव जाहीर करून बातमी पळवली. २०२०मध्ये करोनामुळे जो बायडन विल्मिंग्टनला जवळजवळ रिकाम्या दालनात बोलले आणि टाळ्यांच्या जागी बाहेर उभ्या मोटारींचे भोंगे वाजले. ते भाषण नीट ऐकू आलं, ही त्याची मोठीच जमेची बाजू.

२०२४च्या १८ जुलैला डोनाल्ड ट्रम्प मिलवॉकीत दीड तासाहून अधिक बोलले. पाच दिवसांपूर्वीच त्यांच्यावर गोळी झाडली गेली होती, त्या हकिकतीने सुरुवातीला सभागृह चिडीचूप झालं, मग ते नेहमीच्या सभेच्या वळणावर गेलं. सगळी मांडणी बायडन यांच्याविरुद्ध होती, आणि तीन दिवसांत बायडनच शर्यतीतून गेले. तरी नोव्हेंबरमध्ये ट्रम्प जिंकले. त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या कमला हॅरिस प्रायमरीत उमेदवार म्हणून लढल्याच नव्हत्या. प्रतिनिधींनी त्यांना ऑनलाइन मतदानाने निवडलं, ते ५ ऑगस्टला संपलं, आणि शिकागोत २२ तारखेला त्या आई श्यामला गोपालन यांची आठवण काढून ‘मी स्वीकारते’ म्हणाल्या तेव्हा निवडीला १७ दिवस होऊन गेले होते. लिंकन यांचं पत्र पाच दिवसांत गेलं होतं.