सात बाण आणि एक फीत

म्हाताऱ्या शेतकऱ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. एकेक काठी मोडते, पण मोळी मोडत नाही. का, तर "सगळ्यांची ताकद एकत्र येते म्हणून". हे उत्तर अर्धंच आहे.

16व्या शतकात स्पेनच्या राजाविरुद्ध उठलेल्या डच प्रांतांनी पदकांवर आणि नाण्यांवर अशीच मोळी मिरवली. सिंहाच्या पंजात बाणांची जुडी, आणि सोबत लॅटिन ब्रीद: 'कॉन्कॉर्डिया रेस पार्व्हे क्रेस्कुंट', म्हणजे एकीने लहान गोष्टी वाढतात. हे शब्द रोमन इतिहासकार सॅलस्टचे. त्याचं वाक्य पुढे असंही सांगतं की फुटीने फार मोठ्या गोष्टीही लयाला जातात. तेवढं डचांनी गाळलं.

आता मोळीकडे वळू. काठी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधला थर जसाच्या तसा राहतो. सात काठ्या नुसत्या एकत्र धरून वाकवल्या, तर प्रत्येक काठी आपापल्या मधल्या थराभोवती वाकते आणि शेजारणीवरून घसरते. मग कडकपणा फक्त सातपट. पण काठ्या चिकटवून घसरणच बंद केली, तर सगळ्या मोळीचा मिळून मधला थर एकच होतो. कडेच्या काठ्या आता त्याच्यापासून लांब पडतात, आणि या अंतराचा परिणाम वर्गाने वाढतो: अंतर दुप्पट, तर परिणाम चौपट. एका काठीचा कडकपणा 1 धरून, एक काठी मध्ये, सहा भोवती, असं गणित मांडा. सात काठ्यांचे स्वतःचे 7, आणि लांब असल्यामुळे मिळणारे 48. एकूण 55 पट! लाकूड तेच, काठ्याही त्याच. बांबूच्या सात काड्या घ्या, आधी नुसत्या वाकवा, मग फेव्हिकॉलने चिकटवून, वाळवून वाकवा. फरक बोटांना कळेल.

मोळी गुडघ्यावर वाकवताना काठ्यांची घसरण मधोमध शून्य असते, टोकांना सर्वांत जास्त. म्हणून मधोमध बांधलेली एकच फीत जुडी सुटू देत नाही, पण तिचा कडकपणा फारसा वाढवत नाही. डच संघराज्यही असंच होतं: एकत्र बांधलेलं, पण सैल. प्रांतांना जोडणाऱ्या 1579च्या उट्रेख्त करारानुसार युद्ध, तह आणि नवे कर यांसाठी सगळ्या प्रांतांची संमती लागे.

सात या आकड्यात कुणी गूढ शक्ती शोधू नये. 1578च्या सुमारास प्रांत सतरा मोजले जात, तेव्हा सिंहाच्या पंजातले बाणही सतरा होते. पुढे संघात सात प्रांत राहिले, बाणही सात झाले.

टांकसाळीही प्रांतांच्या आपापल्या होत्या. डुकॅट या सोन्याच्या नाण्यावर बाणांची जुडी धरलेला योद्धा आणि त्याच्याभोवती एकीचं ब्रीद असे. त्या ब्रीदालाच जोडून, जागा कमी पडली तर ब्रीदाचे शब्द तोडून, प्रत्येक प्रांत आपल्या नावाची अक्षरं कोरत असे.