‘फुकट द्या’ आणि आमिष : बेळगावातल्या एका वादाची पार्श्वभूमी

धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेत मंजूर झाले ते 23 डिसेंबर 2021 रोजी, बेळगावातच, हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधमध्ये. नाताळ दोन दिवसांवर आला होता; शहराच्या लष्करी छावणीत, म्हणजे कॅम्पात, आणि खानापूर तालुक्यात ख्रिस्ती घरांवर चांदण्या टांगून झाल्या होत्या. त्याच महिन्यात शहरातल्या एका चर्चच्या आवारात तलवार घेऊन शिरलेला माणूस फादरांच्या अंगावर धावून गेला होता. सभागृहातली ती चर्चा इथल्या ख्रिस्ती समाजाने जीव मुठीत धरूनच ऐकली.

वादाचे मूळ कायद्यातल्या व्याख्येत आहे. ‘आमिष’ कशाला म्हणायचे हे सांगताना भेटवस्तू, पैसा, नोकरी, लग्नाचे वचन, चांगले राहणीमान यांच्याच ओळीत धार्मिक संस्थेच्या शाळा-कॉलेजातले मोफत शिक्षणही बसवले आहे. धर्म बदलणाऱ्याने 30 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचे, बदलल्यावर पुन्हा कळवायचे. आमिष दाखवले नाही, हे आरोपीनेच सिद्ध करायचे. शिक्षा 3 ते 5 वर्षे. धर्म बदलणारी व्यक्ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर 10 वर्षांपर्यंत.

समर्थकांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. गरजवंताची नड पाहून त्याची श्रद्धा विकत घेणे वाईटच, आणि धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगितले आहे. पण ‘तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या’ ही बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांना दिलेली आज्ञा आहे. त्याच शुभवर्तमानात दानधर्म उजव्या हाताने केला तर डाव्याला कळू नये, असेही आहे. म्हणजे दिल्याच्या बदल्यात डोकी मोजणारा आधी स्वतःच्याच धर्माशी बेइमान होतो. त्याला आवरण्यासाठी मोफत वर्गाला गुन्ह्याच्या यादीत ओढण्याची गरज नव्हती, असे माझे ठाम मत आहे. दलित कुटुंबांच्या बाबतीत तर ‘आमिष’ हा शब्द फारच तोकडा पडतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो, सवलती जातात. पुढे शीख आणि बौद्धांना तो दर्जा मिळाला, ख्रिस्ती दलितांना आजही नाही. एवढे गमावून जो येतो त्याला नेमका कसला लाभ झाला, हेही विचारायला हवे होते.

जुना इतिहास थोडक्यात. लंडनच्या मिशनऱ्यांनी 1820 मध्ये बेळगावात काम सुरू केले, पुढे ते मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे गेले. कॅम्पातली मुलांची कॅथलिक शाळा 1856 ची. खानापूरकडचे बरेच कॅथलिक मात्र गोव्याकडून घाट चढून आलेले, कोकणी घेऊन. बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला कॅथलिक विभाग, झाला 1953 मध्ये, राज्यपुनर्रचनेच्या तीनच वर्षे आधी. 1963 मध्ये रोमहून लोकभाषेत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा इथे लोकभाषा कोणती, हा प्रश्न उभा राहणारच होता. उत्तर प्रत्येक चर्चने आपल्यापुरते काढले : कोकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी, वेळा वेगवेगळ्या, वेदी एकच. दुकानाच्या पाटीवरून डोकी फुटतात त्या जिल्ह्यात ही व्यवस्था टिकली, याची दखल भाषेच्या राजकारणाने कधी घेतली नाही. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला एक शोमरोनी वाचवतो, त्या येशूच्या ‘चांगल्या शोमरोन्याच्या’ दाखल्यातले यहुदी आणि शोमरोनी हेही शेजारच्याच मुलखांतले वैरी. पोप फ्रान्सिस यांच्या ऑक्टोबर 2020 मधल्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात त्या दाखल्यावर अख्खे प्रकरण आहे. सीमाभागातल्या माणसाने, तो कोणत्याही बाजूचा असो, ते आवर्जून वाचावे.

धर्मांतरविरोधी विधेयक विधान परिषदेत अडकल्यावर मे 2022 मध्ये वटहुकूम निघाला, सप्टेंबरमध्ये परिषदेनेही मंजुरी दिली. सरकार बदलल्यावर जून 2023 मध्ये मंत्रिमंडळाने कायदा मागे घेण्याचे ठरवले.

शाळांचा प्रश्न मात्र कायदा गेला तरी सुटणारा नाही. शहरातल्या मिशनच्या इंग्रजी शाळांत प्रवेशासाठी सगळ्या जातिधर्मांचे पालक धडपडतात आणि फी भरतात. मोफत शिकवण्याची आज्ञा तिथे किती पाळली जाते, याचा हिशेब संस्थाचालकांनी द्यायला हवा, आणि तो फी न परवडणाऱ्या, गावाकडच्या पालकांपुढे द्यायला हवा.