भरताचा धूर आणि इंजिनाचा गॅस

हिवाळ्यात मळ्यात भरीत करायचं तर जाळ कपाशीच्या काड्यांचाच लागतो. शेगडीवरच्या वांग्याला ती चव नाही, हे खानदेशात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मात्र वांगी सोलून झाली की बोटांना तपकिरी चिकटा राहतो. नुसत्या पाण्यानं तो जात नाही, तेलाचा हात फिरवला की सुटतो. हा चिकटा म्हणजे डांबराचाच भाऊबंद, आणि लाकूडफाट्याच्या गॅसवर वीज करायला निघालेल्यांना जगभर सगळ्यात जास्त छळलं ते यानंच.

कापसाची वेचणी संपली की बोंडअळी पुढच्या हंगामात जाऊ नये म्हणून पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटावीच लागते. हेक्टरी दोनेक टन वाळल्या काड्या निघतात आणि त्यातल्या पुष्कळशा बांधावर पेटवल्या जातात. एक युनिट विजेला साधारण 1.5 किलो काड्या पुरतात, म्हणजे हेक्टरमागे हजारावर युनिटं आपण धुरात घालवतो. साक्रीकडे सौर पॅनल आहेत, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत. पण ऊन आणि वारा आपल्या वेळेवर येत नाहीत. काड्यांची भट्टी रात्री मोटार लावायच्या वेळीही पेटते. म्हणून मला या तंत्राबद्दल मनापासून आस्था आहे. (रावेर-यावलच्या केळीच्या खांबांचा इथं उपयोग नाही, त्यात नव्वद टक्क्यांवर पाणीच असतं.)

काड्या पूर्ण जळायला जेवढी हवा लागते, त्याच्या पाव ते तिसरा हिस्साच भट्टीत सोडायची. मग त्या धड जळत नाहीत, त्यांचा गॅस होतो. त्यात कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन हे जळणारे वायू प्रत्येकी पाचव्या हिश्शाच्या आसपास असतात, थोडा मिथेन असतो आणि जवळजवळ निम्मा भाग हवेतला नायट्रोजन. इंजिनाला एवढं पुरतं.

अडचण सुरू होते ती गॅस थंड करताना. काडी चारशे-पाचशे अंशांवर तापली की तिच्यातलं लिग्निन आणि सेल्युलोज हे लाकडाचे मुख्य घटक तुटून शेकडो जड संयुगं बाहेर पडतात. गरम असेपर्यंत ती वाफेच्या रूपात असल्यानं दिसत नाहीत. पाइपात गॅस निवला की भिंतींना, झडपांना काळा थर धरतो, तेच हे डांबर. उष्णता वाढवली तर त्यातली बरीच मोडतात, पण काहींची उलट आणखी चिवट कडी जुळतात. कपाटात ठेवतो ती डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन; भट्टीतल्या चिवट डांबरात मुख्य वाटा तिचाच, आणि थंड पाइपात तिचे स्फटिक जमतात.

हिशेब करून पाहू. 10 किलोवॅटचं इंजिन रात्रभर दहा तास चाललं तर सुमारे 250 घनमीटर गॅस पितं. ज्या भट्टीत हवा खालून शिरते आणि गॅस वरून निघतो, तिच्या प्रत्येक घनमीटरात 50 ग्रॅमसुद्धा डांबर असतं. रात्रीत बारा किलोंवर! गॅस खालून ओढणाऱ्या भट्टीत ते ग्रॅमभर असतं, म्हणजे पाव किलो. इंजिनाला मात्र घनमीटरमागे 100 मिलिग्रॅमच्या आतच हवं, म्हणजे रात्रीचे फार तर 25 ग्रॅम.

पहिला उपाय सुचतो तो गॅस पाण्यानं धुण्याचा. माझं मत याविरुद्ध आहे. फिनॉलसारखी संयुगं पाण्यात उतरतात आणि ते काळं, उग्र वासाचं पाणी नाल्यात सोडलं तर विहिरीपर्यंत पोचतं. नॅफ्थलीन तर पाण्यात धड विरघळतही नाही. अमळनेर-पारोळ्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला हे परवडणारं नाही. भरताच्या चिकट्याला तेल लागतं, तसंच इथंही. ऑस्ट्रियातल्या ग्युसिंग गावच्या प्रकल्पात गॅस मोहरीच्या जातीतल्या रेपसीडच्या बायोडिझेलनं धुवायचे आणि डांबर मुरलेलं ते तेल पुन्हा भट्टीतच जाळायचे. घाण बाहेर पडतच नाही.

त्याहून चांगलं म्हणजे डांबर भट्टीतच मोडून काढणं. गॅस खाली ओढला की तो हजारेक अंशांच्या ज्वाळेतून आणि मग लालबुंद कोळशाच्या थरातून जातो. कोळशाच्या छिद्रांत डांबर अडकतं, फुटतं, त्याचाही गॅस होतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं वरून उघडी भट्टी बनवली, तिच्यात हवा वरून आणि बाजूनं अशी दोन्हीकडून येते. डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठातल्या भट्टीत लाकडाचे तुकडे आधी वेगळ्या नळीत तापवून, निघालेली वाफ थोड्या हवेत जाळून मग कोळशातून नेली; तिथं डांबर अवघ्या काही मिलिग्रॅमवर आलं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईत आपल्याकडे कोळशाच्या गॅसवर बस धावल्या, त्याचंही कारण हेच: लाकडाचा कोळसा होतानाच डांबर निघून गेलेलं असतं.

कपाशीच्या काडीची खोड अशी, की ती हलकी आणि वाकडीतिकडी. लांब तुकडे भट्टीच्या गळ्याशी अडकतात, खाली पोकळी होते, तिथून थंड वाट मिळाली की डांबर थेट निसटतं. म्हणून बारीक, सारखे तुकडे हवेत, ओल पंधरा टक्क्यांच्या आसपास हवी. आणि इंजिन अर्ध्या भारावर चालवू नये. गॅस कमी ओढला की भट्टी निवते आणि डांबर वाढतं. पंप एक आणि इंजिन तिप्पट मोठं घेतलं, तर बिघाड ठरलेलाच.

तुमच्या गावात कुणी अशी भट्टी विकायला आणली तर पेटलेला दिवा पाहून खूश होऊ नका. पाच-सहा तास चालवून दाखवायला सांगा. मग इंजिनाच्या अगदी आधी नळीला फाटा काढून थोडा गॅस कापसाच्या बोळ्यातून जाऊ द्यायला सांगा. हे उघड्यावर, जाणकाराच्या हातानंच व्हावं, कारण कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि तो जीव घेतो. बोळा बाहेर काढला की हातात घेऊन रंग बघा, वास घ्या. तपकिरी असेल तर पुढची बोलणी भावाची नाही, भट्टीची करा.